आमच्याकडे जेवायला येण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजीत १८ जून रस्त्याच्या मागच्या अंगाला, एका आडगल्लीत आमची सहा टेबलांची खाणावळ आहे. पहाटे मासळी आणायला बाबा जातात, चुलीपाशी आई आणि वहिनी असतात, वाढायला दादा, आणि गल्ल्यावर मी. रोज दुपारी जे प्रश्न कानावर येतात त्यांची उत्तरे इथे सावकाश लिहिली आहेत. गर्दीच्या वेळी ती नीट देता येत नाहीत, याचे मला वाईट वाटते.

खाणावळ कधी उघडी असते?

सोमवार ते शनिवार, दुपारी १२ ते ३. रात्रीचे जेवण नाही, सकाळचा नाश्ता नाही. रविवारी बंद.

मेनू कार्ड का नाही?

कारण सकाळी साडेआठपर्यंत आम्हालाच ठाऊक नसते. बाबा बाजारातून आले, पिशवी ओट्यावर रिकामी केली की आई एकेक मासा हातात घेऊन बघते. बांगडे चांगले आणि भरपूर असतील तर हुमण बांगड्याचे. पेडवे आले तर त्यांचे सुके. मोरी मिळाली तर आंबट-तिखट. कधी फक्त माणकी, म्हणजे माकूल, आणि थोड्या तिसऱ्या हाताला लागतात, मग त्या दिवशी तेच. हे ठरले की मी दाराजवळच्या फळ्यावर खडूने लिहिते. साडेअकराला फळा लागतो आणि दिवसभर तोच आमचा मेनू.

छापील कार्ड एकदा करून पाहिले होते. त्यावर इसवण छापलेली असल्यामुळे लोक इसवणच मागायचे, आणि ती नसली की वाढपी खोटे बोलतोय असे त्यांना वाटायचे. महिन्याभरात कार्ड काढून टाकले. बाजारात जे चांगले असेल ते रांधायचे असेल तर नावे आधी छापून चालत नाही.

फळ्यावरची नावे आमच्या इथल्या सवयीची असतात. महाराष्ट्रातून येणाऱ्यांसाठी: इसवण म्हणजे सुरमई, सुंगटां म्हणजे कोळंबी, पेडवे म्हणजे तारली, मुडदुशी म्हणजे नगली, कुर्ल्या म्हणजे खेकडे, आणि शिवराक म्हणजे शाकाहारी. अडले तर विचारा. कोकणी, मराठी, हिंदी, काहीही चालते. वहिनी कोल्हापूरची, त्यामुळे स्वयंपाकघरात दोन्ही भाषा दिवसभर सुरूच असतात.

मासळीच्या ताटात काय काय असते?

उकडे शीत, म्हणजे उकड्या तांदळाचा भात. त्यावर हुमण, म्हणजे नारळाच्या वाटणातली माशाची आमटी. एक सुके: तिसऱ्यांचे, माणक्यांचे किंवा जे असेल त्याचे. एक भाजी. सुक्या सुंगटांची किसमूर, म्हणजे भाजलेली सुकी कोळंबी, ओले खोबरे, कांदा आणि आमसूल हाताने कालवून केलेली कोशिंबीर. लोणचे आणि सोलकढी. शीत, हुमण आणि भाजी हवी तितकी मागा, त्याचे पैसे नाहीत. तळलेला मासा वेगळा घ्यावा लागतो आणि त्याचा भाव त्या दिवशीच्या बाजारावर ठरतो. तो भाव फळ्यावर लिहिलेला असतो.

किसमुरीबद्दल एक सांगते. ती आयत्या वेळी कालवावी लागते, आधी करून ठेवली की सुंगटां नरम पडतात. म्हणून ती ताटात सगळ्यात शेवटी येते. आली नाही म्हणून विसरलो असे समजू नका. दादा वाटी घेऊन येतोच.

दोनला आलो तर सगळे संपलेले होते. जास्त का करत नाही?

हे सर्वात जास्त विचारले जाते आणि सर्वात मनापासून सांगावेसे वाटते.

आमच्याकडे रोज साधारण सत्तर-पंचाहत्तर ताटांचा अंदाज धरून रांधतात. वाटण सकाळी एकदाच होते. पूर्वी आजी रगड्यावर वाटायची, आता विजेवर चालणारा दगडी रगडा आहे, पण पद्धत तीच: ओला नारळ, भिजवलेल्या सुक्या मिरच्या, धणे, चिंच, आणि बोटाला रवा लागणार नाही इतके बारीक. हे वाटण गोव्याच्या हवेत दुपारनंतर आंबायला लागते. फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी वापरता येते, पुष्कळ ठिकाणी वापरतातही, पण त्याची चव बसते आणि नारळाला किंचित वास येतो. आईला तो वास लगेच कळतो. म्हणून उरेल इतके करायचेच नाही असे तिने सुरुवातीपासून ठरवले आहे.

सरकारी कचेऱ्या, बँका आणि बाजारातल्या दुकानांतली माणसे एक ते दीडच्या सुमारास येतात. तेव्हा सर्वात जास्त गर्दी. पावणेदोनला मी मोजते. ताटे कमी उरली असतील तर फळ्यावरचे नाव पुसते. रांगेत उभे राहून शेवटी "संपले" ऐकावे लागू नये, एवढीच त्यामागची इच्छा. लांबून येणार असाल तर साडेबाराच्या आत या.

मासळी ताजी आहे हे कसे मानायचे?

विचारा आणि बघा. स्वयंपाकघराचे दार उघडेच असते, कच्चा मासा दाखवायला आम्हाला कधीच अडचण नाही. कल्ले लालभडक हवेत, तपकिरी नकोत. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, आत गेलेला आणि पांढुरका नको. बोटाने दाबले की खळगा लगेच भरून यायला हवा. ताज्या माशाला समुद्राचा वास असतो. नाकाला झोंबणारा वास येत असेल किंवा काहीच वास येत नसेल तर दोन्ही वेळा सावध राहावे.

२०१८ च्या जुलैत बाहेरून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या संशयावरून गोव्यात मोठा गदारोळ झाला आणि सरकारने काही दिवस परराज्यातून मासळी आणायला बंदी घातली. त्या दिवसांत आमच्याकडेही लोक ताटाकडे बघून थांबायचे. बाबांनी तेव्हापासून एक नियम केला: मासा कोणाच्या हातचा, कुठल्या बंदरावरचा, हे विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. पलीकडच्या मालीमच्या जेटीवर उतरलेला असेल तर उत्तम. उत्तर नीट मिळाले नाही तर त्या दिवशी मासा कमी आणि अळसांद्यांचे तोणाक, म्हणजे चवळीची नारळाच्या वाटणातली उसळ, जास्त.

जून-जुलैत मासळी मिळते का?

मिळते, पण वेगळी. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. त्यामुळे इसवण, पापलेट यांची नावे फळ्यावर दिसणार नाहीत, आणि दिसू नयेत असे मला वाटते. या दोन महिन्यांत नदी-खाडीतले मासे, तिसऱ्या, खुबे, कुर्ल्या, आणि मुख्य म्हणजे सुकी मासळी. मे महिन्यात आम्ही पुरुमेंत भरतो, म्हणजे पावसाळ्याची बेगमी: खारे बांगडे, सुकी सुंगटां, आमसुले, चिंच, मिरच्या, उकडे तांदूळ. मडगावला याच दिवसांत पुरुमेंताचे फेस्त भरते, तिथून बरेचसे येते.

पावसाळ्यातले आमचे ताट कमी प्रतीचे असते असे कोणी समजू नये. बाहेर धो धो पाऊस, समोर गरम पेज, भाजलेला खारा बांगडा आणि कैरीची करम. रोजची माणसे या दोन महिन्यांची वाट पाहतात. शिवाय तायकिळा (टाकळा), फागलां (कर्टोली) आणि अळू याच दिवसांत येतात. अळमी मात्र आम्ही घेत नाही. वारुळावर उगवणारी ही रानअळंबी चवीला अप्रतिम असतात, पण ती खुडताना वारुळे उद्ध्वस्त होतात, आणि वारूळ गेले की पुढच्या वर्षी तिथे काही उगवत नाही. आईने ती आणणे बंद केले त्याला आता बरीच वर्षे झाली.

शिवराक जेवण मिळते का? ते खरेच वेगळे रांधता का?

रोज मिळते. सोमवारी तर शिवराक ताटेच जास्त जातात, कारण इथल्या पुष्कळ घरांत सोमवारी मासळी खात नाहीत. काही गुरुवारही पाळतात. श्रावणात फळ्याचा अर्धा भाग शिवराकच असतो. या ताटात वरण किंवा मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची उसळ), एक तोणाक, एक सुकी भाजी, कोशिंबीर, सोलकढी आणि शीत. महिन्यातून दोनदा खतखते होते: नीरफणस, रताळे, मुळा, भोपळा, शेवग्याच्या शेंगा, मक्याचे कणीस, तूरडाळ, नारळ, गूळ आणि तिरफळे. त्यात कांदा-लसूण नसते. देवळातल्या समाराधनेत जेवलेल्या माणसाला हा वास आला की तो दारातच थांबतो.

वेगळे रांधण्याबद्दल खरे ते सांगते. आमच्या घरच्या पद्धतीत दुधीच्या, कोबीच्या भाजीत मूठभर गालमो, म्हणजे बारीक सुकी सुंगटां घालतात. चव येते, आणि घरी कोणाला त्यात विशेष वाटत नाही. काही वर्षांपूर्वी अशी दुधीची भाजी घाईत शिवराक ताटात वाढली गेली. जेवणाऱ्या काकू आयुष्यभर शाकाहारी. पहिला घास घेतला आणि त्यांना कळले. त्या ओरडल्या नाहीत, ताट बाजूला सारून नुसत्या बसून राहिल्या. चूक आमची होती. माफी मागितली, पण तो घास परत घेता येत नव्हता. दुसऱ्या दिवसापासून शिवराकासाठी वेगळा ओटा, वेगळी पातेली, हिरव्या दोऱ्याने बांधलेले वेगळे डाव, आणि गालमो घातलेली भाजी फळ्यावर माशांच्याच रांगेत लिहायची असे ठरले. ते आजवर एकदाही मोडलेले नाही. तळणाचे तेलही वेगळे असते. स्वयंपाकघर मात्र एकच आहे. माशाचा वासही चालत नसेल तर सोमवारी या, तेव्हा तो सर्वात कमी असतो.

काही खाल्ल्याने त्रास होत असेल तर?

बसल्याबरोबर सांगा, ताट आल्यावर नको. कोळंबी किंवा शिंपल्यांचा त्रास असणाऱ्यांनी किसमूर आणि सुके दोन्ही टाळावे, आणि भाजीबद्दलही विचारावे. नारळ आमच्याकडे जवळजवळ सगळ्यात असतो, तो वर्ज्य असेल तर वरण-भात आणि तळलेला मासा एवढेच खात्रीने देऊ शकतो. काजू मणगण्यात, म्हणजे चणाडाळीच्या खिरीत, आणि मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूंच्या उसळीत असतात.

गोव्याच्या खाणावळीत बुधवारी तांबडा रस्सा कसा? हे अस्सल गोमंतकीय आहे का?

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही महिने तिला हुमण जमेना. तिरफळाचा वास तिला सोसवत नसे. एक दिवस आई तापाने आडवी होती, तेव्हा वहिनीने स्वतःच्या माहेरचा मटणाचा तांबडा रस्सा केला आणि आम्ही तो धीर करून फळ्यावर लिहिला. अडीचच्या आत पातेले रिकामे झाले. आई बरी होऊन उठली, तिने वाटीभर चाखला आणि म्हणाली, "हा दर बुधवारी होऊ दे." सासू-सुनेत त्या दिवसापासून जे बसले ते बसले. आता हुमणाची जबाबदारी आठवड्यातून दोन दिवस वहिनीकडे असते आणि तिरफळे ती आईपेक्षाही अचूक घालते.

शुक्रवारचे चिकन काफ्रियाल शेजारच्या आंटींनी शिकवले. हिरवी मिरची, कोथिंबीर, आले-लसूण, मिरे आणि लिंबाचे वाटण कोंबडीला रात्रभर लावून ठेवायचे. हा पदार्थ पोर्तुगिजांबरोबर आफ्रिकेतल्या मोझांबिकहून इथे आला. सोबत पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, उंडे (गोल पाव) असतात. शनिवारी शाकुती: भाजलेले खोबरे, खसखस आणि गरम मसाल्यांची.

आता अस्सल काय, तर १५१० मध्ये पोर्तुगीज गोव्यात आले त्याआधी इथे मिरची नव्हती, बटाटा नव्हता, काजूही नव्हता. हे सगळे त्यांनी अमेरिकेतून आणले. तिखटपणा तेव्हा मिऱ्यांचा असे. काणकोणच्या खोला मिरचीला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि आज ती आम्ही अभिमानाने आमची म्हणतो, पण तिची मुळे समुद्रापलीकडची आहेत. म्हणून कोल्हापूरचा रस्सा आमच्या फळ्यावर आहे याचा मला जराही संकोच वाटत नाही. घरातल्या माणसाने मन लावून केलेले आणि घरातल्यांनी आधी खाऊन पाहिलेले एवढी एकच अट आम्ही ठेवतो.

साधा पांढरा भात मिळेल का?

सांगितले तर मिळेल. पण एकदा उकडे शीत खाऊन बघा. साळ भिजवून, उकडून, वाळवून मग सडतात, त्यामुळे कोंड्यातली ब जीवनसत्त्वे दाण्यात उतरतात. दाणा जाड आणि सुटा राहतो, आणि पातळ हुमण तो धरून ठेवतो. बासमतीवर हुमण ओतले की ते ताटभर पसरते.

टेबल राखून ठेवता का?

नाही. अपवाद दोन: सत्तरीपुढची माणसे, आणि लहान बाळ घेऊन येणारी. आदल्या दिवशी कळवा, खालची दाराजवळची जागा ठेवतो. दाराला एक पायरी आहे. चाकाची खुर्ची असेल तर लाकडी फळी लावतो, दादा मदतीला येतो.

गर्दीत अनोळखी माणसांबरोबर एका टेबलावर बसावे लागते. काहींना आधी अवघडल्यासारखे होते. नोव्हेंबरात इफ्फीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, दिवसांत तर एकाच टेबलावर बँकेतले कारकून, कोलकात्याहून आलेला सिनेमाचा विद्यार्थी आणि मासळी विकून आलेली बाय असे तिघे शेजारी बसतात. तिरफळ चावायचे नसते, बाजूला काढायचे असते, हे त्या विद्यार्थ्याला त्या बायने सांगितलेले मी ऐकले आहे. त्याची जीभ तोवर बधिर झाली होती. तिने स्वतःची सोलकढी त्याच्यापुढे सरकवली.

बियर किंवा फेणी मिळते का? बाहेरून आणली तर चालेल?

दोन्हीला नाही. आमच्याकडे परवाना नाही आणि घ्यायचाही नाही.

दर काय? बिलावर जीएसटी वेगळा का दिसत नाही?

शिवराक ताट १४० रुपये, मासळीचे २००. तळलेला मासा, रस्सा, काफ्रियाल वेगळे. नारळाचा भाव फार चढला तेव्हा दर वाढवावे लागले, नारळ कमी करायला आई तयार नव्हती.

आम्ही कंपोझिशन योजनेत आहोत. वर्षाची उलाढाल दीड कोटींच्या आत असलेले, दारू न विकणारे उपाहारगृह या योजनेत उलाढालीवर ५ टक्के कर स्वतः भरते, गिऱ्हाईकाकडून तो वेगळा घेता येत नाही. म्हणून फळ्यावरचा आकडा हाच शेवटचा. सेवा शुल्कही नाही. रोख आणि यूपीआय दोन्ही चालते.

मुलांसाठी कमी तिखट काही?

वरण-भात, तूप, तळलेली मुडदुशी. तिला काटे कमी, तरी दादा काढून देतो.

गाडी कुठे लावायची?

गल्लीत नको, शेजाऱ्यांना त्रास होतो. पाटोला बहुमजली पार्किंग आहे, तिथे ठेवून चालत या. बसने येणाऱ्यांनी कदंब बसस्थानकावर उतरून पाटोचा पूल ओलांडावा.

पार्सल देता का?

देतो, पण स्वतःचा डबा आणा. प्लास्टिकच्या पिशवीत गरम हुमण आम्ही भरत नाही. सोलकढी पार्सल मिळणार नाही: नारळाचा रस आमसुलाच्या आंबटाने तासाभरात फुटतो आणि तुमच्या घरी पोचेपर्यंत पाणी वेगळे, चोथा वेगळा होतो.

वर्षात कधी बंद असते?

चतुर्थीला, गणपती घरी असतात तितके दिवस. गणपती पेडण्याला मूळ घरी असतो आणि सगळे तिथेच जातात. शिगम्याला दोन दिवस. बाबांची तब्येत बिघडली तर तेव्हाही, कारण त्यांच्याशिवाय मासा निवडायला कोणी तयार नाही. अशा वेळी फळ्यावर तसे लिहिलेले असते.

हुमण घरी कसे करायचे? सांगाल का?

आई कोणापासून काही लपवत नाही. चार माणसांसाठी चार बांगडे साफ करून, तुकडे करून, मीठ लावून ठेवा. अर्ध्या मोठ्या नारळाचे खोबरे, आठ-दहा भिजवलेल्या सुक्या मिरच्या, चमचाभर धणे, हळद आणि लिंबाएवढी चिंच हे सगळे गुळगुळीत वाटा. मिक्सर असेल तर थांबत थांबत फिरवा, वाटण तापू देऊ नका. पातेल्यात वाटण, पाणी आणि मीठ घालून मंद उकळी आणा. मग तुकडे सोडा आणि त्यानंतर डाव अजिबात घालू नका, पातेले दोन्ही हातांनी धरून हलवा, नाहीतर मासा मोडतो. सात-आठ मिनिटांत शिजते. शेवटी आठ-दहा तिरफळांतल्या काळ्या बिया काढून साले ठेचून घाला, वर चमचाभर कच्चे खोबरेल सोडा, झाकण ठेवा, गॅस बंद करा. पाच मिनिटे झाकण उघडू नका.